काफी आयता? बंगळुरूची सकाळ आणि पेल्यातलं कॅफिन

बंगळुरूच्या जुन्या वस्तीत सकाळी कुणी ओळखीचं भेटलं, तर ‘कसे आहात’ हा प्रश्न नंतर येतो. आधी येतो ‘काफी आयता?’ म्हणजे, कॉफी झाली का? आपण ‘चहा झाला का’ विचारतो तसंच. फक्त इथे तुम्ही चुकून ‘नाही’ म्हणालात, तर समोरचा माणूस तुम्हाला कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन जातो आणि दोन बोटं वर करून सांगतो, ‘बाय-टू!’

हा बाय-टू एकदा समजून घ्या, बंगळुरूत पदोपदी कामाला येतो. एक कॉफी, दोन पेल्यांत अर्धी अर्धी. आपल्याकडच्या कटिंगचा हा कन्नड भाऊ. पण कटिंग एकट्यालाही मागता येतो. बाय-टूला जोडीदार लागतो. त्यामुळे निवृत्त आजोबा, कॉलेजची पोरं, बँकेतले दोन कारकून, भाजी घेऊन निघालेलं जोडपं, सगळे जोडीने उभे दिसतात. हो, उभेच. ‘दर्शिनी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या इथल्या छोट्या हॉटेलांत खुर्च्या नसतात. छातीइतक्या उंच टेबलांवर इडली ठेवायची, चटणीत बुडवायची, वर कॉफी प्यायची आणि कामाला लागायचं.

मी सांगलीची, चहावर वाढलेली. नोकरीसाठी मल्लेश्वरमला राहायला आले, त्याला आता दोन वर्षं होतील. ज्यांना बसून, थोडा जुना काळ चाखत कॉफी प्यायची आहे, त्यांना मी तीन-चार ठिकाणं आवर्जून सांगते. लालबाग रोडवरचं एमटीआर १९२४ पासूनचं. बसवनगुडीतल्या गांधी बाजारचं विद्यार्थी भवन १९४३ चं. तिथला डोसा जास्त प्रसिद्ध आहे, पण डोशानंतरची कॉफी चुकवू नका. शंकरपुरमचा ब्राह्मिन्स कॉफी बार १९६५ चा. पदार्थ मोजकेच, गर्दी मात्र सतत. आणि चर्च स्ट्रीटचं इंडिया कॉफी हाउस, जे २००९ पर्यंत एम. जी. रोडवर होतं. फेटा बांधलेले वाढपी अजूनही आहेत. कॉफी तिथे जरा पातळच लागते, माझं प्रामाणिक मत. पण तिथे कुणी तुम्हाला उठवत नाही, आणि बंगळुरूत ही आता दुर्मीळ गोष्ट आहे.

आता जरा कॉफीच्या दुकानात चला. मल्लेश्वरम, बसवनगुडी, जयनगर, कुठेही जा, वास तुम्हाला पन्नास पावलं आधी गाठतो. दुकानात बरण्या, एक मोठी चक्की आणि मागे भाजणीचं यंत्र. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, ‘अर्धा किलो, ऐंशी-वीस, पीबेरी.’ आपण किराणा दुकानात ‘गहू बारीक दळा’ म्हणावं इतक्या सहजपणे. ऐंशी-वीस म्हणजे ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी. पीबेरी म्हणजे ज्या फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी तयार होते, ती. प्रत्येक घराचं प्रमाण ठरलेलं असतं. सून नवी आली की तिला आधी हे प्रमाण कळतं, मग बाकीचं, असं इथे गमतीने म्हणतात.

चिकोरीबद्दल आपल्याकडे उगाच गैरसमज आहे की ती भेसळ. चिकोरी हे एका झाडाचं मूळ. गुजरात आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. मूळ कापून, वाळवून, भाजून दळतात. त्याने डिकॉक्शन दाट होतं, रंग गडद येतो, किंचित कडवट-गोडसर चव येते आणि दूध घातलं तरी कॉफी फिकी पडत नाही. भारतीय नियमाप्रमाणे अशा मिश्रणात निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरी किती टक्के आहे हे पाकिटावर लिहावं लागतं. तुमच्या घरचं पाकीट उलटं करून बघा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चिकोरीत कॅफिन अजिबात नसतं.

अज्जींचा फिल्टर

आमच्या घरमालकीण अज्जी खालच्या मजल्यावर राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांचा पितळी फिल्टर त्यांच्या लग्नातला आहे. दोन डबे एकावर एक, वरच्याच्या तळाला बारीक छिद्रं. रात्री झोपायच्या आधी त्या वरच्या डब्यात पूड घालतात, चकतीने हलकेच दाबतात, वरून उकळतं पाणी ओततात आणि झाकण ठेवून विसरून जातात. सकाळी खालच्या डब्यात थेंब थेंब पडलेलं काळंभोर डिकॉक्शन तयार. घाई असेल तर वीस मिनिटांतही पुरेसं उतरतं, पण अज्जींना घाई पसंत नाही. पूड जोरात दाबली तर पाणी उतरत नाही, सैल ठेवली तर भसकन पडतं आणि कॉफी पुळकवणी होते. ‘मगळे, पुरीची कणीक कशी ओळखतेस? तसंच,’ एवढंच त्यांचं प्रशिक्षण.

मग सकाळी दूध तापवायचं, पेल्यात दोन बोटं डिकॉक्शन, वर दूध, साखर, आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतत फेस काढायचा. ती खोलगट वाटी म्हणजे दबरा. कॉफी निवते, साखर विरघळते, फेस येतो, तीन कामं एकदम. पेला कडेला जो ओठ असतो तिथेच धरायचा. नवखे खाली हात लावतात आणि चटका खातात.

अज्जींच्या दिवसाला चार कॉफ्या. पहाटे साडेपाचला, नाश्त्याबरोबर, दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी सहाला. पन्नास वर्षांत यात खंड नाही. या चार पेल्यांतून नेमकं किती कॅफिन जात असेल? आपणच हिशोब मांडू.

दोन पेल्यांना साधारण १५ ग्रॅम पूड लागते असं धरा. ऐंशी-वीसमध्ये त्यातली खरी कॉफी १२ ग्रॅम. अरेबिका जातीत कॅफिन सव्वा टक्क्याच्या आसपास असतं, रोबस्टात जवळपास दुप्पट, दोन टक्क्यांहून जास्त. म्हणजे सगळी अरेबिका असेल तर १४०-१५० मिलिग्रॅम, अर्धी रोबस्टा असेल तर दोनशेच्या घरात. दोन पेल्यांत वाटलं आणि सगळंच काही उतरत नाही हे धरलं, तर एका पेल्यात साधारण ६० ते ९० मिलिग्रॅम. साठ-चाळीसची पूड आणली तर आकडा आपोआप खाली येतो. बाय-टू घेतली तर निम्मा. दुधाने मात्र कॅफिन कमी होत नाही, फक्त चव मवाळ होते. ‘मी दुधाळच पिते’ असं समाधान करून घेऊ नका.

तुलनेला, आपल्या कपभर चहात ३० ते ५० मिलिग्रॅम असतं. मॉलमधल्या मोठ्या कागदी पेल्यातल्या कॉफीत दीडशे-दोनशे सहज. निरोगी मोठ्या माणसाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं तज्ज्ञ संस्था सांगतात. अज्जींचे चार पेले त्या आकड्याच्या आत बसतात, काठावर का होईना. तरीही त्यांना त्रास झाला, आणि तो कसा हे पुढे सांगते. त्याआधी डोंगरावर जाऊन येऊ, कारण कॅफिन म्हणजे काय हे मला तिथे नीट कळलं.

डोंगरावरची सात बियाणी

बंगळुरूहून हासनमार्गे चिक्कमगळूरु साधारण अडीचशे किलोमीटर. गाडीने पाच तास धरा. शहर मागे पडलं की बाबा बुडनगिरीची रांग सुरू होते. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी संत हज यात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि इथे लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या काळी अरबस्तानातून उगवेल असं बी बाहेर जाऊ देत नसत, म्हणून लपवाछपवी. डोंगरावरच्या गुहेत बाबांना मानणारेही येतात आणि दत्तभक्तही येतात. मराठी पाट्यांच्या गाड्या तिथे बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

जायचंच असेल तर मार्च-एप्रिलचा विचार करा. वळवाचा एक चांगला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढरा होतो. मोगऱ्यासारखा वास, आणि दोन-तीन दिवसांत फुलं गळून जातात. पावसाची तारीख कुणालाच माहीत नसते, त्यामुळे फुलोरा सापडणं नशिबाचा भाग. तो एक पाऊस चुकला किंवा अवेळी आला तर वर्षाचं पीक अडचणीत येतं. म्हणून मळेवाले त्या दिवसांत आकाशाकडे बघत बोलतात. लाल फळं बघायची तर नोव्हेंबर ते जानेवारी. तोडणी हाताने होते, पिकलेलं फळ तेवढंच काढायचं, बाकीची फळं पुन्हा पुढच्या फेरीला. आपला पेला ज्या हातांवर उभा आहे, ते हात या दिवसांत दिसतात.

इथली कॉफी सावलीत वाढते. वर सिल्व्हर ओक, फणसासारखी झाडं, त्यांच्या खोडावर मिऱ्याचे वेल, खाली कॉफीची झुडपं. देशातली साधारण सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते आणि बरीचशी परदेशी जाते. बाळेहोन्नूरजवळ १९२५ साली सुरू झालेलं कॉफी संशोधन केंद्र आहे. पानांवरचा तांबेरा आणि खोड पोखरणारी अळी या दोन शत्रूंशी त्यांची लढाई अजून संपलेली नाही.

आणि इथेच कॅफिनचा मुद्दा येतो. झाड कॅफिन आपल्यासाठी बनवत नाही. पानं-बिया कुरतडणाऱ्या किड्यांसाठी ते कडू विष आहे. गंमत म्हणजे कॉफीच्या फुलातल्या मधातही ते अगदी किंचित असतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की एवढ्याशा कॅफिनने मधमाशांना त्या फुलाचा वास जास्त काळ लक्षात राहतो. म्हणजे मधमाशी परत परत येते. आपण पहाटे साडेपाचला उठून फिल्टरकडे जातो ते काही फार वेगळं आहे असं मला वाटत नाही.

पेला प्यायल्यावर काय होतं

दिवसभर मेंदू काम करतो तसा त्यात अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसला की आपल्याला पेंग येते. कॅफिनचा आकार त्याच्याशी मिळताजुळता. ते आधी जाऊन त्या जागा अडवतं. बसमध्ये रुमाल टाकून सीट धरतात तसं. थकवा गेलेला नसतो, तो दारात उभा असतो. रुमाल उचलला गेला की तो आत येतोच. चारच्या सुमारास एकदम गळून गेल्यासारखं वाटतं त्यामागे हे एक कारण असू शकतं.

रुमाल किती वेळ राहतो? घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला ८० मिलिग्रॅमचा पेला घेतला, तर रात्री अकराला ४० उरतं आणि पहाटे चारला २०. काहींचा वेग जास्त, काहींचा फार कमी. सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरातून ते लवकर जातं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत जास्त वेळ राहतं, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर कितीतरी जास्त. म्हणून एकाच घरात जेवणानंतर कॉफी पिऊन नवरा घोरत असतो आणि बायको छताकडे बघत पडलेली असते. ‘मला कॉफीने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. २०१३ मधल्याच एका अमेरिकी अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी लोकांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली. एवढं कॅफिन एकदम आपण घेत नाही, हे खरं. पण सहा तास हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

रोज प्यायची सवय असेल आणि एकदम बंद केली, तर दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, चिडचिड होते, सुस्ती येते. उपवासाच्या दिवशी दुपारी कपाळ ठणकतं ते नेहमीच भुकेने असतं असं नाही. आठवडाभरात बहुतेकांचं ठीक होतं. कमी करायचीच असेल तर रोज थोडी थोडी करा. बंगळुरूकरांना त्यासाठी फार सोपा रस्ता आहे, दुकानात जाऊन ‘ऐंशी-वीस’ऐवजी ‘साठ-चाळीस’ म्हणायचं.

आता अज्जींची गोष्ट. गेल्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. जिना चढताना मध्येच थांबायच्या. तपासणीत हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघालं. डॉक्टरांनी कारण शोधायला आणखी तपासण्या केल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, आकडा जेमतेम हलला होता. मुलगा अमेरिकेत, त्यामुळे रिपोर्ट घेऊन मीच सोबत गेले होते. डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी बघितली. रिकामी. म्हणजे गोळ्या चुकल्या नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, ‘गोळी कशाबरोबर घेता?’ अज्जी म्हणाल्या, ‘नाश्त्यानंतर. कॉफीबरोबर.’ डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

कॉफीतली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं जेवणातल्या आणि गोळीतल्या लोहाला धरून ठेवतात, मग ते आतड्यातून रक्तात नीट जात नाही. चहाचंही तेच, उलट थोडं जास्तच. यात कॅफिनचा दोष नाही, त्यामुळे कॅफिन काढलेली कॉफी आणली तरी हा प्रश्न सुटत नाही. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने विशेष बिघडत नाही, पण जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर तासाभरात घेतलेली मात्र आड येते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आणि आपल्या घरांत चहा-कॉफी नेमकी कधी होते? पोह्यांबरोबर. जेवण झाल्या झाल्या. पालक-मेथी, नाचणी, गूळ असं सगळं निगुतीने करणाऱ्या बायका वर कपभर चहा पितात, आणि भारतात निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. सगळा दोष चहा-कॉफीचा नाही, पण वेळ बदलायला पैसे पडत नाहीत.

अज्जींनी कॉफी सोडली नाही. डॉक्टरांनीही सोडायला सांगितली नाही. गोळी सकाळी अकराला, लिंबूपाण्याबरोबर, आणि तिच्या आगेमागे दोन तास कॉफी नाही. नाश्त्याची कॉफी गेली. दुपारची जेवणानंतर दीड-दोन तासांवर सरकली. संध्याकाळच्या सहाच्या पेल्यावर मात्र त्या अडून बसल्या. तो त्यांच्या यजमानांबरोबरचा होता, ते गेल्यालाही नऊ वर्षं झाली. शेवटी तडजोड झाली. तो पेला पाच वाजता, आणि बाय-टू. दुसरा अर्धा मी पिते, ऑफिसचं काम घरून असेल त्या दिवशी. नसेल त्या दिवशी शेजारच्या काकू. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर गेलं होतं. रात्री झोपही जरा बरी लागते म्हणतात, पण त्याचं श्रेय त्या कॉफीला देत नाहीत, नव्या उशीला देतात.

घरात कुणी गरोदर असेल तर दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, म्हणजे फिल्टर कॉफीचे दोन छोटे पेले, आणि त्यात दिवसभराचा चहाही मोजायचा. नेमकं किती हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. छातीत धडधड, रक्तदाब, आम्लपित्त असणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. आणि मुलांबद्दल. परीक्षेच्या दिवसांत दहावी-बारावीची पोरं रंगीत डब्यातली एनर्जी ड्रिंक पितात. २५० मिलिलिटरच्या एका डब्यात साधारण ७५-८० मिलिग्रॅम कॅफिन असतं, शिवाय भरपूर साखर. लहान मुलांनी पिऊ नये असं त्या डब्यावरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं. अज्जींचा अख्खा पेला आठवीतल्या मुलाला द्यायला आपण धजावणार नाही. डबा मात्र तो स्वतः विकत घेतो.

बंगळुरूला आलात, तर पूड थोडीच घ्या, पाव किलो. दळलेल्या कॉफीचा वास दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवा. स्टीलचा फिल्टर कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो, दोघांच्या घराला दोन कपांचा पुरे. दुकानदाराला आधीच सांगा की फिल्टरसाठी दळा, नाहीतर फार बारीक दळलं तर पाणी अडून बसतं. कॉफी महाराष्ट्रात पिकते हे मात्र इथे फारसं कुणाला माहीत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, सातपुड्यात, तिचे मळे आहेत. आमच्या अज्जींना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. आणि आपल्याकडे कॉफीत जायफळ किसून घालतात हे सांगितल्यावर तर त्यांनी माझ्याकडे फार वेळ बघितलं. मग म्हणाल्या, ‘उद्या आण. पण माझ्या फिल्टरमध्ये नाही, वरून.’